खालच्या गाडीच्या वरच्या गप्पा

— ताई, ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा आला अमेरिकेहून.

— ऐकायचंय काय, मी पाहिलं. इथेच कठड्याशी मेथी निवडत बसले होते. काकू खाली जिन्याच्या तोंडाशी भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. नजर रस्त्यावर, आत्ता टॅक्सी वळेल, मग वळेल. आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच बाजूने दोन सूटकेसा ढकलत आला आणि म्हणाला, आई, मी आलो.

— दुसऱ्या बाजूने म्हणजे?

— मेट्रोच्या दारातून हो. विमानतळावर टी-टूला खाली उतरला, गाडीत बसला, गिरगावला वर आला. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरगा इतक्या लांबून सुखरूप आला याचा आनंद राहिला बाजूला. अमेरिकेहून आलेला मुलगा चाकाच्या बॅगा ओढत पायी वाडीत शिरला, हे अख्ख्या चाळीने पाहिलं, त्याचंच दुःख. ओवाळून टाकताना हात थरथरत होता.

— अहो, पण वाचले की पैसे.

— पैसे वाचवायचेच तर अमेरिकेला कशाला पाठवला, असं म्हणाल्या त्या. मला नाही, तळमजल्यावर. मला ऐकू आलं.

— मला बाई कौतुक वाटलं त्याचं. सकाळी त्या हायवेला अडकला असता तर जेवायलाच पोचला असता. काय म्हणतो, आवडली का त्याला आपली मेट्रो?

— आवडली म्हणजे? फलाटाचे फोटो काढत होता म्हणे. न्यूयॉर्कची भुयारी गाडी १९०४ पासून चालते. स्टेशनं चारशे बहात्तर, आणि रात्रभर सुरू. आपली रात्री साडेदहाला निजते. तिकडे जवळ जा, लांब जा, तिकीट एकच. आपल्याकडे दहापासून सत्तर रुपयांपर्यंत, जेवढे दूर तेवढे पैसे. पण तिथे रुळांत उंदीर पळतात आणि उन्हाळ्यात फलाटावर उभं राहवत नाही, एवढा उकाडा. आपल्याकडे खाली उतरलं की गारेगार. फलाटाला काचेची भिंत, गाडी लागल्याशिवाय दार उघडत नाही. तो म्हणाला, मावशी, तुमच्याकडे सगळं नवं आहे. मी म्हटलं, बाळा, शंभर वर्षं जाऊ दे, मग उंदीर मोजायला ये.

— उंदरांचं माहीत नाही, पण माझं विचाराल तर जन्माचं कल्याण झालं. पूर्वी चर्नी रोडहून बांद्रा, बांद्र्याला उतरून शेअर रिक्षा, आणि त्या रिक्षाच्या रांगेत रोज एक भांडण. मीटरने चल म्हटलं की तो मान फिरवणार. पावसात तर बीकेसीला पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आता घरातून निघते आणि ऑफिसच्या दारात वर येते. मध्ये आभाळ दिसत नाही एवढंच.

— त्याचंच मला चमत्कारिक वाटतं. लोकलमध्ये डोळे मिटून बसलं तरी कळायचं कुठे आलो ते. माहीमची खाडी आली की वासावरून. पूर्वी गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावरून. इथे मिठी नदीखालून जातो म्हणे आपण, धारावी आणि बीकेसीच्या मधे, आणि कुणाला पत्ताही नसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं म्हणून कळलं.

— काका ना! त्यांच्याबरोबर एकदा गेले मी. हुतात्मा चौक ते वरळी एवढं व्याख्यान ऐकलं. बोगदे खणायला सतरा यंत्रं आणली होती, त्यांना नद्यांची नावं दिली होती. कृष्णा, गोदावरी, वैतरणा, तानसा, सूर्या, तापी, वैनगंगा.

— म्हणजे महाराष्ट्रातल्या नद्या मुंबईच्या पोटात शिरल्या आणि मिठीच्या खालून निघाल्या. हौस बघा.

— आणि मग नाना शंकरशेट. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला त्यांचं नाव दिलंय, तिथे गाडी थांबली की काका जवळजवळ उभे राहतात. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या डायरेक्टरांमधला आपल्या गिरगावातला माणूस, वगैरे वगैरे. समोरच्या मुलीने कानात घातलेलं काढून ऐकलं, म्हणून त्यांना आणखी चेव आला.

— ऐकणारच बिचारी. तेव्हा फोनला रेंज कुठे होती! २०२५च्या ऑक्टोबरात पार कफ परेडपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा खाली गेलं की फोन मुका. मोबाइलवाल्यांचं आणि मेट्रोवाल्यांचं जमेना म्हणे. स्टेशनात फुकटचं वायफाय आहे, पण ते लावून घ्यायला आपल्याला पोरं लागतात.

— आठवण नका काढू. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. फोन लागत नाही म्हणजे गाडी बोगद्यात अडकली, असा त्यांचा हिशेब. मी घरी आले तर ह्यांना खाली स्टेशनच्या दारात उभं केलेलं. आणि दारं तरी किती! हे एका दारात, मी दुसऱ्या दाराने वर. घरी आले, तर सासूबाई म्हणतात, आता तो हरवला.

— ते दारांचं एक प्रकरणच आहे. ए-वन, बी-टू, काय काय लिहिलेलं असतं. गाडीत बसून पाच मिनिटांत जिथे पोचतो, तिथून रस्त्यावर यायला आणखी पाच मिनिटं. एक सरकता जिना, मग मोकळं मैदान, मग मशीन, मग दुसरा जिना. चुकीच्या दाराने वर आलं की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. समोर आपली वाडी दिसते आणि मधे बसगाड्या. पहिल्या दिवसांत माणसं वर येऊन उभी राहायची, दुकानांच्या पाट्या वाचत, आपल्याच गावात परकी झाल्यासारखी. जन्म गिरगावात गेलेली माणसं विचारायची, अहो, ठाकूरद्वार कुठल्या अंगाला?

— आणि सरकता जिना! समोर नऊवारीतल्या एक आजी पाय उचलत होत्या आणि परत मागे घेत होत्या. मागे एवढी रांग. पण कुणी ओरडलं नाही, ताई. एका मुलाने हात दिला, बाकीचे थांबले. मी तेच म्हणते ह्यांना, लोकांना शिस्त लागलीये. हीच माणसं चर्नी रोडला धक्के मारतात. इथे उतरणाऱ्यांना वाट देतात, पान खाऊन थुंकत नाहीत, रांगेत उभी राहतात.

— शिस्त कसली? जागा आहे म्हणून.

— म्हणजे?

— म्हणजे पोट भरलेलं असलं की कुणी पंगतीत ताट ओढत नाही. मी सगळी नोकरी बोरिवली–चर्चगेट केली, मग सासऱ्यांच्या या खोलीत आले. मला शिस्त शिकवू नका. आमच्या लेडीज डब्यात जेवढी शिस्त होती तेवढी देवळात नसते. चढल्या चढल्या विचारायचं, कुठे उतरणार? अंधेरी. मग तुमच्यानंतर मी. मागून दुसरी आली की तिला सांगायचं, ही सीट दिलेली आहे. अशा तीन-तीन जणी एकाच सीटच्या वारसदार. चौथी सीट म्हणजे अर्ध्या मांडीवर बसणं, तरी कुणी त्रागा करायचं नाही. विंडो मिळाली म्हणजे तो दिवस सोन्याचा. आम्ही हळदीकुंकू केलं त्या डब्यात, दसऱ्याला तोरण बांधलं, एकीचं डोहाळजेवण केलं. १९९२ साली पहिली लेडीज स्पेशल सुटली बोरिवलीला, तेव्हा मोटरमनला आम्ही पेढे दिले. पण बोरिवलीला गाडी शिरताना, ती थांबायच्या आधी, याच सगळ्या पेढेवाल्या बाया एकमेकींच्या अंगावरून आत उड्या मारायच्या. मीसुद्धा. ती बेशिस्त नव्हती, वहिनी, तो हिशेब होता. गाडी तीन-चार मिनिटांनी येते, पण येते ती भरलेली.

— ते खरंय.

— आणि २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याला काय झालं? दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले. मग सगळीकडे चर्चा, लोक लटकतातच कशाला? हौस आहे का कुणाला? आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून. खाली मेट्रोत दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि दार लागतं, कारण दारात माणूस नसतो. तोच माणूस डोंबिवलीला राहतो आणि लटकतो. त्याला तुम्ही शिस्त नाही म्हणणार?

— आता तुम्ही बोललातच म्हणून सांगते. संध्याकाळी सहानंतर बीकेसीला या. सगळी ऑफिसं एकदम सुटतात. फलाटावर बाण काढलेत, इथून उतरा, इथून चढा. सकाळी त्या बाणांवर लोक परेडसारखे उभे असतात. संध्याकाळी बाण पायाखाली दिसतच नाहीत. परवा एका बाईने मला कोपराने असं बाजूला केलं, मला एकदम चर्नी रोडला गेल्यासारखं वाटलं. घरच्यासारखं.

— बघा! मी काय म्हटलं?

— पण तरी ताई, थुंकत नाही कुणी.

— बरं, थुंकत नाहीत. ते मानलं. नव्या साडीवर सगळेच जपून जेवतात, बघू आणखी दोन वर्षांनी.

— तुम्ही ना कशाला चांगलं म्हणायच्या नाहीत.

— अहो, गार आहे, स्वच्छ आहे, सगळं मान्य. पण मला बोलायला कुणी नाही त्याच्यात. सीटा भिंतीला लागून, समोरासमोर. म्हणजे समोरच्याचा चेहरा बघत बसायचं, आणि बघायचं तर नाही. सगळ्यांची नजर पायातल्या चपलांवर. एकदा एका मुलीची चप्पल फार छान होती, म्हटलं, कुठून घेतलीस गं? ती दचकली. लोकलमध्ये हा प्रश्न विचारला असता तर दादरपर्यंत चार दुकानांची नावं आणि भाव कळले असते. इथे ‘ऑनलाइन’ म्हणाली आणि सरकून बसली.

— तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपासून कुणी सरकलं नाही का? ती बोंबलांची गोष्ट?

— तुम्हाला माहीत नाही? अहो, त्या माहीमला बहिणीकडे गेल्या होत्या. येताना बाजारातून बोंबील घेतले. ओले बोंबील, पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी. शीतलादेवीला चढल्या. डबा बंद, एसी चालू, आणि वास जाणार कुठे? लोकलमध्ये दारं उघडी, समुद्राचा वारा, आणि कोळणींचा मालडबा वेगळा. इथे आठ डबे आतून एकमेकांना जोडलेले. एका टोकाला बसा, दुसऱ्या टोकापर्यंत नजर जाते आणि नजरेबरोबर बोंबीलही. काकू म्हणतात, दादरला माणसं उठून पलीकडे गेली, सिद्धिविनायकला एक कुटुंब चढलं आणि तसंच पुढच्या डब्याकडे चालू लागलं, हातात मोदकांचा पुडा.

— आई गं!

— काकूंना काय वाटावं? त्या म्हणाल्या, बसायला ऐसपैस जागा मिळाली. आता दर खेपेला बोंबील आणीन म्हणतात.

— आणि मुलाने मेट्रोने आल्याचं वाईट वाटतं!

— बोंबील मेट्रोने आलेले चालतात. मुलगा नाही.

— पण तुम्हाला खरं सांगू का, मला त्या मुलाला बघून वेगळंच आठवलं. तो जिथून वर आला ना, ते दार आहे तिथे पूर्वी काय होतं?

— आठवतंय की. मी रिटायर होऊन इथे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत जे.एस.एस. रोडवर पत्रे ठोकले. मग वर्षानुवर्षं पत्रेच. दुकानं पत्र्यांच्या मागे, गिऱ्हाइकाला वळसा. गणपती त्या चिंचोळ्या वाटेने गेले. रात्री खाली काहीतरी घुमायचं, ताटाळ्यातली भांडी वाजायची. ह्यांनी भिंतीच्या तड्यावर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली होती, तडा पुढे सरकतो का बघायला. आणि आपल्या ओळखीची कितीतरी घरं त्या वेळी रिकामी झाली. गिरगाव नि काळबादेवी, दोन्हीकडच्या जुन्या इमारती स्टेशनासाठी पाडल्या. कुणी भाड्याच्या घरात गेलं, कुणी लांब उपनगरात. याच भागात परत घर देणार असं ठरलं. तेव्हाची म्हातारी माणसं वाट बघत राहिली. त्यांच्यातल्या कितीजणांना ही गाडी बघायला मिळाली?

— आमच्या मामंजींचे मित्र तसेच गेले. रोज सकाळी यायचे गिरगावात, दूध इथलंच घ्यायचे, पेपर इथलाच. दोन बस बदलून.

— म्हणून मला लोक म्हणतात ना, गिरगावला मेट्रो मिळाली, तेव्हा मी म्हणते, मिळाली नाही, घेतली. किंमत मोजून. आणि किंमत मोजणारे वेगळे, बसणारे वेगळे. मी बसणाऱ्यांतली.

— आमची पुतणी तर दोन्हीकडची. २०१९च्या ऑक्टोबरात आरेत रात्री झाडं तोडली, दोन हजारांहून जास्त, तेव्हा कॉलेजातून तिकडे गेली होती घोषणा द्यायला. दिरांचा जीव टांगणीला. आता सीप्झला नोकरी लागलीये, रोज याच गाडीने जाते. दिरांनी टोमणा मारला, काय गं, तुझी झाडं? तर म्हणाली, बाबा, गाडी नको असं कुणी म्हटलं होतं? कारशेड दुसरीकडे न्या म्हणत होतो आम्ही. गप्प झाले.

— हुशार आहे पोरगी. आणि झाडं परत येत नाहीत हेही तिला माहीत असेल.

— असेल. शेवटचं स्टेशन आरेचं, ते एकच जमिनीवर आहे, बाकीची सव्वीस खाली. ती सांगत होती, तिथे गाडी उजेडात आली की सगळ्यांचे डोळे बारीक होतात.

— अत्रे चौकात पाणी शिरलं तेव्हा ती होती का गाडीत?

— नाही हो, तेव्हा नोकरी नव्हती तिला. पण मी व्हिडिओ पाहिला होता. २०२५च्या मे महिन्यात सुरू झालेलं स्टेशन, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पहिल्याच मोठ्या पावसात जिन्यांवरून धबधबा. अपुऱ्या कामाच्या दाराशी भिंत कोसळली म्हणून पाणी आत आलं.

— स्टेशन कुणाच्या नावाचं, तर आचार्य अत्र्यांच्या! तो माणूस असता तर दुसऱ्या दिवशीच्या ‘मराठ्या’त गेल्या दहा हजार वर्षांत असं स्टेशन झालं नाही म्हणून लिहिलं असतं, आणि पुढचे आठ दिवस कुणाची धडगत नव्हती. आता काय, व्हिडिओ पाहिला आणि पुढे ढकलला.

— पण लवकर सुरू केलं त्यांनी.

— केलं. मी कुठे नाही म्हणते? फक्त छत्री घेऊन भुयारात उतरणारी मी पहिलीच पिढी, म्हणून सांगितलं.

— बरं, महालक्ष्मीचं काय झालं? तळमजल्यावरच्या वहिनी देवीला गेल्या होत्या ना मेट्रोने?

— गेल्या आणि परत आल्या, देवी न भेटता. महालक्ष्मी स्टेशन म्हणून उतरल्या, वर आल्या तर सात रस्ता. देऊळ कुठे, समुद्र कुठे! वरचं लोकलचं महालक्ष्मी स्टेशनही तसंच, देवळापासून लांब. कुणाला सांगायचं? ओटीचं सामान हातात, ऊन डोक्यावर. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून येईना. शेवटी तिथूनच हात जोडले. सिद्धिविनायकाचं बरं आहे, वर आलं की समोर.

— तुम्हाला जायचंय का कुठे? येत्या रविवारी मला सुट्टी आहे. आपण टोकापर्यंत जाऊन येऊ. मला ते आरेचं उजेडातलं स्टेशन बघायचंय. तासाभराच्या आत तर पोचतो म्हणे.

— जाऊ की. डबा घेऊन जाऊ, पण गाडीत खायचं नाही, झाडाखाली बसून खाऊ, उरलं असेल एखादं. तिकीट वर असतानाच काढा. आणि दहाच्या आत नको, रविवारीही पोरं कुठे कुठे निघालेली असतात. फक्त एक करा, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगू नका.

— सांगायला कशाला हवं? त्यांनी ऐकलं. ही गॅलरी आहे, ताई. मगाशीच वरून खोकले ते, नाना शंकरशेटांचं नाव निघालं तेव्हा.

— अगंबाई. मग येणारच ते. सव्वीस स्टेशनांची माहिती, सतरा यंत्रांची नावं.

— येऊ देत की, एकटे असतात.

— येऊ देत, मी कुठे नको म्हणते? पण त्यांना सांगा, आम्ही चर्चगेटहून बसतोय.

— आणि आपण?

— आपण गिरगावहून. तेच चर्चगेटला चढतील, पुढे गाडी आपल्याकडे येईलच. आठ डबे, आतून मोकळे. शोधत येतील पुढून मागे, नमस्कार-चमत्कार करत, वाटेत दोघातिघांना बोगद्याची माहिती देत. तोवर आपलं मरोळ नाका आलेलं असेल.